१.३ मल्टिजेट / डीडीआयएस / क्वाड्राजेट : थंडीतला सकाळचा खडखडाट, आणि या इंजिनाची माहिती एका जागी

सुदामानगर | ११ डिसेंबर, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी.

इंदुरात थंडी पडली आणि आमच्या गाडीने नवा आवाज काढला. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूने खडखड, डब्यात खिळे हलवावेत तशी. मग एकदम शांत. दिवसभर पुन्हा काही नाही. पिकअप व्यवस्थित, धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. पण ते तीन सेकंद रोज पोटात गोळा आणतात.

गाडी २०१२ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटरचं ७५ पीएसवालं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिन, मीटरवर १,४६,०००. महूच्या मामांकडून दोन वर्षांपूर्वी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे एकच इंजिन इतक्या कंपन्यांच्या बोनेटखाली आहे की नावाने फरक पडत नाही, आणि दोष कंपनीचा असेल असं मला वाटतही नाही.

आठ दिवस वाचून, विचारून जे कळलं ते टाकतो. चुकलं असेल तिथे सांगा.

इंजिन मूळ फियाटचं, फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीच्या काळातलं. २००३ मध्ये पोलंडमधल्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट. बोअर ६९.६ मिमी आणि स्ट्रोक ८२ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी) असल्याने एका फेरीत एकदाच भसकन डिझेल न मारता पाच वेळापर्यंत थोडं थोडं मारता येतं; 'मल्टिजेट' हे नाव त्यावरूनच. म्हणूनच इतक्या लहान डिझेलचा आवाज आणि थरथर त्या काळी लोकांना कमी वाटली. २००५ साली 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'मध्ये १ ते १.४ लिटरच्या गटात याला पहिला मान मिळाला.

आपल्याकडे हे मुख्यतः दोन ठिकाणी बनायचं. एक हरियाणात मानेसरला, सुझुकीकडे, डीडीआयएस नावाने; २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली ती हेच घेऊन. दुसरं पुण्याजवळ रांजणगावला, फियाट-टाटांच्या कारखान्यात; टाटांच्या गाड्यांत त्याचं नाव क्वाड्राजेट. आपण शिर्डी-नगरमार्गे पुण्याला जातो तेव्हा वाटेत गणपतीचं रांजणगाव लागतं, तेच. २०१२ साली मारुतीने रांजणगावहूनही वर्षाला लाखभर इंजिनं घ्यायचा करार केला होता. गाड्यांच्या मासिकांनी याला 'भारताचं राष्ट्रीय डिझेल इंजिन' म्हटलं ते उगाच नाही. एप्रिल २०२० ला बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) लागू झालं आणि मारुतीने डिझेल बंद केलं, तिथे हा प्रवास आपल्याकडे जवळपास थांबला.

माझे प्रश्न तीन. हा आवाज टायमिंग चेनचाच ना (क्रॅंकच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी)? २७ डिसेंबरला पुण्यात भाचीचं लग्न आहे, आईला घेऊन याच गाडीने जायचं, तर जाऊ का? आणि एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात की अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन स्वस्तात मिळतंय, तेच बसव. ते कितपत शहाणपणाचं?

---

खलघाट | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

माझ्या गाडीत दोन वर्षं असाच आवाज आहे. काही होत नाही. डिझेल आहे, थंडीत वाजणारच. जाऊन या बिनधास्त.

---

पीथमपूरकर | ११ डिसेंबर, रात्री ११:०५

खलघाट, तुमची गाडी अजून चालते याचा आनंद आहे, पण हा सल्ला मागे घ्या, ही विनंती. पीथमपूरला डिझेल इंजिनांच्या जुळणीत तीस वर्षं काढली आहेत. थंडीत इंजेक्टरचा 'टकटक' आवाज वाढतो तो वेगळा. तो इंजिन गरम होईपर्यंत टिकतो. दोन-तीन सेकंदांत बंद होणारा खडखडाट ऑइलच्या दाबाशी बांधलेला असतो. दाब आला की बंद.

सुदामानगर, चार गोष्टी आधी सांगा. मागची ऑइल बदली कधी, किती किलोमीटरला? त्याआधीची कधी? मध्ये खंड पडला का? आणि उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, डिपस्टिकवर ऑइल कुठे येतं?

---

सुदामानगर | १२ डिसेंबर, सकाळी ८:३२

काका, सर्व्हिस-बुक घेऊन बसलो होतो, आणि आता छातीत धस्स झालंय.

नोव्हेंबर २०१९ मध्ये १,१८,००० ला ऑइल बदललेलं आहे. त्यानंतरची नोंद थेट ऑगस्ट २०२२ची, १,२४,००० ला. मामांना फोन केला. ते म्हणाले, 'अरे, कोरोनात गाडी हललीच नाही. किलोमीटर झालेच नाहीत तर ऑइल कशाला बदलू? पण बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी दहा मिनिटं जागेवर चालू करून ठेवायचो.' पातळी कमी झाली की वरून थोडं ओतलं, इतकंच.

मी घेतल्यापासून दहा हजारांच्या आत बदलतोय. शेवटची बदली १,३९,००० ला. आज सकाळी डिपस्टिकवर खालच्या खुणेच्या जेमतेम वर. म्हणजे सात हजारांत बरंच खाल्लंय.

---

पीथमपूरकर | १२ डिसेंबर, दुपारी १:१५

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. सविस्तर लिहितो, कारण हे इतरांनाही उपयोगी पडेल.

या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, एकेरी कड्यांची. ती अमुक किलोमीटरला बदला असा नियम नाही. इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकावी असा हिशोब. पण त्या हिशोबात एक अट गृहीत आहे, ती म्हणजे स्वच्छ ऑइल. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्री गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं, सकाळी पंपाने दाब दिला की पुन्हा भरतं. त्या मधल्या क्षणी चेन सैल. निरोगी इंजिनात हा क्षण कानाला कळतसुद्धा नाही. तुम्हाला दोन-तीन सेकंद ऐकू येतंय, म्हणजे एकतर चेन लांबली आहे, नाहीतर टेन्शनर दमला आहे, नाहीतर ऑइल तिथवर उशिरा पोहोचतंय. बहुतेकदा तिन्ही.

'चेन लांबते' म्हणतात, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश केसभर झिजतात, आणि तेवढ्या सगळ्या कड्यांची झीज एकत्र मोजली की कॅमशाफ्ट क्रॅंकच्या मागे पडायला लागतो. ही झीज कशाने? काजळीने. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी उतरतेच. ती जुन्या ऑइलमध्ये सुटी राहत नाही, गोळा होते आणि पॉलिश पेपरसारखी घासते.

आता मामांचा रविवार. दहा मिनिटं जागेवर चालवलेलं डिझेल नीट गरमच होत नाही. न जळलेलं डिझेल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो आणि तिथेच राहतो, कारण तो उडून जाण्याइतकं तापमान येत नाही. पावणेतीन वर्षं हे झालं. मामांना बोल लावत नाही, त्यांनी गाडीची काळजीच घेतली. पण ऑइलचं वय महिन्यांतही मोजायचं असतं.

आणि या इंजिनात ऑइल मुळात थोडं, फिल्टरसकट तीन लिटरांच्या जरासं वर. मोठ्या गाडीत अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तर चालून जातं. इथे तेवढ्यात पाचवा हिस्सा गेला. तेवढ्याच ऑइलवर टर्बोचं (धुराच्या जोरावर जास्त हवा आत ढकलणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग, टेन्शनर, रॉकरखालचे हायड्रॉलिक टॅपेट, सगळं अवलंबून.

चेन एखादा दात सुटली तर काय होतं तेही सांगतो. या इंजिनात व्हॉल्व्ह जवळजवळ उभे आहेत, पिस्टनच्या सरळ रेषेत. पिस्टन खालून येऊन व्हॉल्व्हला सरळ ठोकतो आणि वरचा रॉकर तुटतो. कित्येकदा रॉकर तुटण्यावरच भागतं, व्हॉल्व्ह वाचतो. पण ते नशीब. बिजासन घाटात ट्रकच्या मागे आईला शेजारी बसवून हे नशीब आजमावू नका.

तेव्हा आजच्या आज ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. थंड इंजिनाला सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका. स्कॅनर असलेल्या माणसाकडून पी००१६ हा कोड साठलेला आहे का ते बघून घ्या. कॅम आणि क्रॅंकचा मेळ चुकला की तो येतो. आला नाही म्हणजे चेन ठणठणीत असं मात्र समजू नका.

---

खलघाट | १२ डिसेंबर, दुपारी २:४०

पीथमपूरकर काका, सल्ला मागे घेतला. माझीही दाखवतो आता.

---

धार_रोड | १२ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

सोपा उपाय आहे ना. पातळ ५डब्ल्यू-३० काढा, १५डब्ल्यू-४० टाका. जाड ऑइलने आवाज दबतो. माझ्या भावाने केलंय.

---

पीथमपूरकर | १२ डिसेंबर, सायंकाळी ६:५५

धार_रोड, आवाज दबतो, गरम इंजिनाचा. पण तक्रार थंड इंजिनाची आहे. ८ अंशांत १५डब्ल्यूचं ऑइल ५डब्ल्यूपेक्षा जास्त वेळ घेऊन वर चढतं, म्हणजे टेन्शनर आणखी उशिरा भरतो. जिथे दुखतंय तिथेच वाढेल. मॅन्युअलमध्ये जी ग्रेड आहे तीच; बहुतेक गाड्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० सिंथेटिक. 'इंजिन फ्लश'च्या बाटल्यांपासूनही लांब राहा. जुना गाळ सुटून ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर बसला तर ऑइलच बंद होईल.

---

सयाजीगंज | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

बडोद्याहून लिहितोय. आमच्या घरी याच इंजिनाची गाडी अकरा वर्षं आहे, ९० पीएसवाली. सुदामानगर, तुम्ही कंपन्यांचा उल्लेख केलात म्हणून, पार्टच्या बाबतीत मी काय शिकलो ते सांगतो, कारण त्यात माझे पैसे आणि दोन महिने गेले.

टर्बो गेला. एका दुकानदाराने सांगितलं, '१.३ मल्टिजेट ना? सगळ्यांचं एकच.' आणून बसवायला गेलो तर बसेना. मग कळलं की या इंजिनाचे दोन अवतार. ७५ पीएसवाल्याला साधा टर्बो, आतली पाती स्थिर. ९० पीएसवाल्याला व्हीजीटी, म्हणजे पात्यांचा कोन वेगाप्रमाणे बदलणारा, त्याला वेगळा ॲक्च्युएटर, आणि त्याला हुकूम देणारा ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) प्रोग्रामही वेगळा. १२४८ सीसी या आकड्याने काहीच ठरत नाही.

जुन्या टर्बोचं कारण शेवटी फार साधं निघालं. त्याला ऑइल पोहोचवणारी बारीक नळी आतून जळक्या ऑइलने अर्धी बुजली होती. नवा टर्बो बसवताना ती नळी बदलली नसती तर नवाही गेला असता.

---

प्राजक्ता_लोकमान्यनगर | १३ डिसेंबर, सकाळी ११:०२

वाचतेय मनापासून. मी जुनी डिझेल गाडी घ्यायच्या विचारात आहे. सासऱ्यांना उज्जैन आणि देवासला नेआण करायची असते. कोणत्या गाडीत कोणतं इंजिन, हे कोणी साध्या भाषेत सांगेल का? दलाल प्रत्येक गाडीला 'स्विफ्टवालंच इंजिन' म्हणतात.

---

सुदामानगर | १३ डिसेंबर, रात्री ८:४०

प्राजक्ताताई, ऑइल भरलं, स्कॅनही करून आणलं (कोड नाही), त्यामुळे जरा डोकं जागेवर आहे. प्रयत्न करतो.

साध्या टर्बोचा, ७५ पीएसच्या आसपासचा अवतार : स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुढे बलेनो आणि इग्निस डिझेल. मारुतीच्या गाड्यांत टॉर्क (ओढण्याचा जोर) १९० न्यूटन-मीटर. टाटांकडे इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट आणि बोल्ट, तेही १९०. फियाटची पुंटो ७६ पीएस आणि १९७.

व्हीजीटीचा, ९० पीएसचा अवतार : एसएक्स-४, पहिली अर्टिगा, सियाझ, विटारा ब्रेझा, २०० न्यूटन-मीटर. टाटांच्या मांझा, व्हिस्टा डी-९०. फियाटच्या लिनिया आणि पुंटो ९०, त्यात ९३ पीएस आणि २०९. २०१५ पासून सियाझ-अर्टिगाला एसएचव्हीएस (सुझुकीची सौम्य हायब्रिड यंत्रणा) जोडलं, पण इंजिन तेच. शेवरोलेच्या सेल आणि एन्जॉयमध्येही हेच घराणं.

आता जिथे दलाल फसवतो किंवा स्वतः फसतो त्या जागा. टाटा व्हिस्टा दोन डिझेलमध्ये यायची. क्वाड्राजेट म्हणजे हे, दुसरी १.४ टीडीआय, ते टाटांचं आपलं जुनं इंजिन, याच्याशी नातं नाही. एस-क्रॉसमध्ये डीडीआयएस-२०० म्हणजे हे १.३, पण डीडीआयएस-३२० म्हणजे १.६ लिटरचं, १२० पीएसचं निराळं इंजिन. २०१९च्या सियाझ आणि अर्टिगात १४९८ सीसीचं सुझुकीचं स्वतःचं डिझेल होतं, ९५ पीएस. ते फारच थोडे महिने आलं. शेवरोले बीट डिझेल ९३६ सीसी, तीन सिलिंडर. याच घराण्यातलं धाकटं भावंड, पण पार्ट तपासूनच घ्यावेत. आरसीवर सीसीचा आकडा असतो, आधी तो बघा. १२४८ नसेल तर गोष्ट संपली. १२४८ असेल तर साधा टर्बो की व्हीजीटी ते विचारा.

उज्जैन-देवाससाठी ७५ पीएसवाली छान. राजवाड्याच्या गर्दीत मात्र सवय करावी लागते. दोन हजार आरपीएमखाली हे इंजिन झोपलेलं असतं आणि मग अचानक उठतं. बरेचजण त्यावर अर्धा क्लच दाबून चालवतात आणि क्लच जळतो. एक गिअर खाली घेतलात की झालं.

---

रेवाकाठ | १३ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, बघायला जाल तेव्हा मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. हात लावून बोनेट गार आहे ना ते बघा, मगच सुरू करायला सांगा. या धाग्यातला तो आवाज गरम गाडीत कधीच ऐकू येणार नाही.

आणि इंजिनाच्या वरचं प्लास्टिकचं झाकण काढायला लावा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर तांब्याचा वायसर गळतोय. आवाज 'फुस-फुस' येतो. वेळेत केलं तर वायसर बदलून भागतं, उशीर केला तर हेडमधली इंजेक्टरची बैठक खराब होते. इंजेक्टर स्वतः कसे आहेत हे रिटर्न टेस्टने कळतं. चार नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, कुठल्या बाटलीत डिझेल जास्त जमतं ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, कोणताही चांगला डिझेलवाला करून देतो.

इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता 'बसवून दिला साहेब' म्हणणारे पुष्कळ आहेत. मग गाडी थरथरते आणि लोक नव्या इंजेक्टरलाच नावं ठेवतात.

---

सयाजीगंज | १४ डिसेंबर, सकाळी ७:५०

रेवाकाठ यांच्यात भर. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अडकणं हे याचं ठरलेलं दुखणं, विशेषतः शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीचं. पिकअप मेला, काळा धूर यायला लागला की आधी ईजीआर उघडून साफ करा आणि इंटरकूलरचे होज पाइप चिरलेत का ते बघा. टर्बोवर संशय नंतर. होज फाटला की रेस देताना शीळ ऐकू येते आणि पाइपवर तेलकट ओल दिसते. ईजीआर कायमचा बंद करून देणारे भेटतील. करू नका, प्रदूषण वाढतं आणि पीयूसीलाही ते योग्य नाही.

थर्मोस्टॅट उघडा अडकला तर काटा वर चढतच नाही आणि ॲव्हरेज पडतं. लोक 'गाडी छान थंड राहते' म्हणून खूश असतात.

---

महू_छावणी | १४ डिसेंबर, दुपारी १२:२०

ग्लो प्लगचं (थंडीत सुरू करताना सिलिंडर आतून गरम करणाऱ्या कांडीचं) कोणी लिहिलं नाही. मालव्याच्या थंडीत सकाळी दोन-तीनदा सेल मारावा लागत असेल तर ते बघा. काढताना इंजिन गरम असू द्या, थंडीत जोर लावला की आतच तुटतात.

---

सुदामानगर | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. तिसऱ्या प्रश्नाचं काय वाटतं, तयार इंजिन बसवण्याचं? आकडा चेनच्या कामापेक्षा फार जास्त नाही, म्हणून मोह होतोय.

---

पीथमपूरकर | १४ डिसेंबर, रात्री १०:०२

मोह आवरा. त्या इंजिनाची सर्व्हिस-बुक तुमच्याकडे आहे का? तुमच्या इंजिनाचा इतिहास वाईट असेल, पण तो तुम्हाला माहीत आहे. त्या इंजिनाच्या चेंबरमध्ये (तळाच्या ऑइलच्या टाकीत) काय आहे हे कुणालाच माहीत नाही.

शिवाय एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांतही माउंटिंग, चेंबर, वायरिंग, सेन्सरची जोडणी, ईसीयू आणि चावीचा इमोबिलायझर यांत फरक असतो. त्याच मॉडेलचं, त्याच सालातलं, त्याच टर्बोचं असेल तरच विचार करायचा. आणि कागद. इंजिन बदललं की मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या गाडीची साखळी स्वच्छ लागते, खरेदीचं बिल लागतं. विम्यालाही कळवायचं. हे न करता फिरणाऱ्याचा अपघाताचा क्लेम कुठे अडकतो हे मी जवळून पाहिलं आहे. नायता मुंडल्याच्या आरटीओला चकरा मारायची तयारी आणि पक्के कागद असतील तरच पुढे बोला.

चेनचं काम करा. किट पूर्ण घ्या : चेन, दोन्ही स्प्रॉकेट, गाइड, टेन्शनर. नुसती चेन बदलू नका. कॅम लॉक करायच्या पिना मेकॅनिककडे आहेत का ते आधी विचारा. 'खडूने खूण करून बसवतो' म्हणाला तर नमस्कार करून परत या.

---

सुदामानगर | १९ डिसेंबर, रात्री ११:३०

आज गाडी घरी आली. जे पाहिलं ते लिहितो, झोप येत नाहीये.

मेकॅनिक आमच्याच भागातले, काकांनी सांगितलेल्या पिना त्यांच्या पेटीत होत्या, स्वतःहून दाखवल्या. चेनचं कव्हर काढायला खालचं चेंबर उतरवावं लागतं. ते उतरलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. तळाला बोटभर नाही, पण नखभर जाड काळा थर. लोण्यासारखा. बोटावर घेतला तर निघेना. ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते तिचा निम्म्याहून जास्त भाग बुजलेला. मेकॅनिक म्हणाले, 'साहेब, आवाज चेनने केला, पण बोलत होती ही जाळी.' पंपाला ऑइल ओढायलाच मिळत नव्हतं म्हणून टेन्शनरला दाब उशिरा जायचा.

जुनी चेन आणि नवी चेन त्यांनी खिळ्याला शेजारी-शेजारी टांगली. जुनी काही मिलिमीटर लांब. डोळ्याला स्पष्ट दिसत होतं. एका प्लास्टिकच्या गाइडवर चेनने खोल चर पाडलेला होता. रॉकर सगळे शाबूत, त्यांनी एकेक हलवून दाखवला.

जाळी आणि चेंबर धुऊन, किट, नवं ऑइल, फिल्टर. टर्बोची ऑइलची नळीही काढून पाहायला लावली, सयाजीगंजांचं वाचलं होतं म्हणून. ती बरी निघाली, साफ करून परत लावली. किट आणि मजुरी मिळून २२ हजारांच्या आत गेले. मामांना चेनचा फोटो पाठवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले अर्धे पैसे मी देतो. मी नको म्हटलं.

उद्या सकाळी थंड स्टार्ट.

---

सुदामानगर | २० डिसेंबर, सकाळी ६:४५

७ अंश. चावी फिरवली. काहीच नाही. नुसतं इंजिन सुरू झालं. आई दारात उभी होती, म्हणाली, 'झालं का सुरू?' तिला कळलंच नाही.

---

पीथमपूरकर | २० डिसेंबर, सकाळी ९:२०

फार बरं वाटलं. आता लक्षात ठेवा : हे ऑइल दहा हजार चालवायचं नाही. चेंबर धुतलं तरी गॅलऱ्यांत (ऑइलच्या आतल्या वाटांत), हेडमध्ये जुना गाळ आहे, तो नवं ऑइल हळूहळू सोडवेल. दीड-दोन हजारांत हे ऑइल आणि फिल्टर फेकून द्या. जाळी पुन्हा बुजू द्यायची नाही. पाचशे किलोमीटरला ऑइल काळं दिसेल, त्याने घाबरू नका, डिझेलमध्ये ते तसंच दिसतं.

पुण्याला जाताना ऑइलचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवा. धुळ्याला चहाला थांबाल तेव्हा दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. घाटात दोन हजारांच्या वर ठेवा, उंच गिअरमध्ये रेटू नका. आणि लांब पळवल्यावर थांबलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या, टर्बो थंड होऊ द्या.

---

प्राजक्ता_लोकमान्यनगर | २० डिसेंबर, दुपारी ४:१०

मी काल २०१६ची एक गाडी बघायला गेले होते. आधी फोन करून सांगितलं होतं तरी पोहोचले तेव्हा बोनेट गरम होतं. 'आत्ताच पाणी मारून थोडी फिरवली' म्हणाले. परत आले. पुढच्या रविवारी दुसरी बघणार आहे, देवासला.

---

सुदामानगर | २६ डिसेंबर, रात्री १०:५०

पुण्यात पोहोचलो. पहाटे साडेपाचला निघालो, मानपूरपर्यंत धुकं, खलघाटला नर्मदेवर उजाडलं. बिजासन तिसऱ्या गिअरमध्ये, काटा अडीच हजारावर, कुठे दम लागला नाही. धुळ्याला डिपस्टिक पाहिली, निघताना होती तिथेच. रांजणगावला संध्याकाळी थांबलो, आईने दर्शन घेतलं.

मीटर १,४६,९००. परतीला पुन्हा सहाशे होतील, मग एकदा उज्जैन, आणि १,४८,००० ला ऑइल-फिल्टर. सर्व्हिस-बुकच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, खाली तारीखही टाकली आहे : किलोमीटर होवोत न होवोत, ३१ मार्च.